हौसाआत्यांचं केळवण

वजनकाट्यावर चढण्याआधी हौसाआत्या चपला काढायच्या, मग कमरेची पिशवी, मग कानातली फुलं. एकदा तर त्यांनी कवळीसुद्धा काढून माझ्या हातात दिली. एवढं करूनही काटा एकशे अठरावर गेला की म्हणायच्या, "काटाच खराब हाये. माज्याकडं बगून घाबरतंय ते."

येडगावात आमची घरं शेजारी. मी शाळेत शिक्षिका आणि आत्या मासवडीच्या ऑर्डरी घेणाऱ्या. शिजवलेलं बेसन ओल्या फडक्यावर थापून, त्यात तीळ-खोबऱ्याचं सारण भरून त्या वडी वळायच्या. नारायणगावापासून पेठपर्यंतच्या लग्नघरांतून त्यांना फोन यायचे. चव बघायला म्हणून एक वडी तोंडात जायची, चव बरोबर आहे ना याची खात्री करायला दुसरी, आणि तिसरीला कारण लागायचं नाही. पंधरा वर्षांचा मधुमेह, रोज दोन वेळा इन्सुलिन आणि हृदयात एक स्टेंट. "डाक्टरनी काळजात स्प्रिंग बसवलीय," असं त्या नवा दागिना दाखवावा तसं सांगायच्या.

शेवटी पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "आत्या, वजन आणि साखर दोन्ही तुमच्या हृदयाच्या मुळावर उठलीत. जठर लहान करायचं ऑपरेशन करून घ्या."

"दुखनं छातीत अन् कापनार पोट? छप्पर गळतंय तर चूल कशाला पाडता?"

"छप्पर चुलीच्या धुरानंच खराब झालंय."

आत्यांना असं उत्तर देणारा माणूस क्वचितच भेटे. त्या तयार झाल्या. ऑपरेशनआधी दोन आठवडे फक्त पातळ घ्यायचं होतं: ताक, सूप आणि डॉक्टरांनी दिलेली पावडर. त्यानं सुजलेलं यकृत आकसतं आणि ऑपरेशनला जागा होते. पुढे मात्र जन्मभर एका वेळी वाटीभर जेवण.

वाटीभर! गावाला हे ऐकवेना. मलाही ऐकवलं नाही. मी म्हटलं, "आत्या, उद्या आमच्याकडे पुरणपोळी. तुमचं केळवण समजा."

लग्नाआधी नवरीला करतात तसं केळवण, एकसष्ट वर्षांच्या बाईला, ऑपरेशनाचं! कल्पना भावकीनं उचलून धरली. कुणी ताटाभोवती रांगोळी काढली, कुणी ओटी भरली. दोन आठवड्यांत अकरा केळवणं झाली. आत्या नवरीसारख्या लाजत पाटावर बसायच्या. "माज्या लग्नात एकच केळवण झालं व्हतं. राहिलेली आत्ता निगाली," असं म्हणायच्या. डॉक्टरांची पावडरही त्या इमानदारीनं घेत होत्या, रोज जेवणावर.

ठरल्या दिवशी रुग्णालयात साखर तीनशेच्या वर निघाली. यकृत पहिल्यापेक्षा मोठं. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लंत?" आत्यांनी अभिमानानं बोटं मोजायला सुरुवात केली आणि पहिल्या बोटावर माझी पुरणपोळी आली. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. डॉक्टरांनी सहा आठवडे पुढची तारीख देऊन घरी पाठवलं.

चौथ्या आठवड्यात, मासवड्या वळता वळता आत्यांना हार्ट अटॅक आला. वाचल्या, पण हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. ऑपरेशन आणखी लांबलं.

आठ महिन्यांनी परत तारीख मिळाली, तेव्हा आत्या दोन आठवडे ओट्यावर ठाण मांडून बसल्या. डबा घेऊन येणारी दिसली की ओरडायच्या, "माघारी जा! मला जगायचंय!" एका चुलतजावेनं आग्रह केला, तर तिचा डबा तिच्याचसमोर कोंबड्यांना घातला. मी ताक घेऊन गेले, तर तेही झाकण उघडून हुंगून बघितलं.

ऑपरेशन झालं. वर्षभरात वजन ब्याऐंशीवर आलं आणि इन्सुलिन सुटलं. लग्नघरात कुणी फार आग्रह केला तर त्या सांगायच्या, "पोटात आता एकाच पावण्याची जागा हाये अन् तो येऊन बसलाय." सकाळी धरणाच्या भिंतीपर्यंत चालत जायच्या. चढ आला की मात्र थांबायच्या, श्वास घ्यायच्या. गेलेला भाग काही परत येणार नव्हता. डॉक्टर एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "ऑपरेशन पहिल्याच तारखेला झालं असतं, तर कदाचित हा अटॅक टळला असता." त्यांचा 'कदाचित' मी चार वर्षं धरून ठेवला.

गेल्या उन्हाळ्यात आत्यांचे पाय सुजले, श्वास पुरेना. मी रुग्णालयात त्यांच्या उशाशी बसले आणि इतके दिवस गिळलेलं बोलून टाकलं. "आत्या, ते पहिलं केळवण मी केलं होतं."

"ठावं हाये मला."

मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ द्या. त्या म्हणाल्या, "लई राग आला व्हता तुमचा. बाकीच्या बाया अडाणी, बाई. तुमी शिकलेल्या. तुमी तरी नको म्हनायचं."

मी रडायला लागले. त्यांनी थोडा वेळ रडू दिलं, मग माझा हात ओढून घेतला. "पन पोळी लई मऊ झाली व्हती. मलाच नको म्हनवंना, तर तुमाला काय बोलू?"

दोन दिवसांनी त्या गेल्या. माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत, पोळीला मात्र चांगलं म्हणून गेल्या. ते कौतुक मला अजून पचलेलं नाही.