मॉडेलात नसलेला ओटा

ओल्या सिमेंटचा वास आला की नगरच्या त्या अर्धवट हॉस्पिटलातली दुपार आठवते. भिंती छातीपर्यंतच आल्या होत्या, पण माझ्या कॉम्प्युटरमधल्या मॉडेलात अख्खी इमारत उभी होती, नळ, वायरी, दारांच्या कड्यांसकट. भिंतींवर पाणी मारणाऱ्या जामखेडकडच्या मावशींना मी हौसेनं मॉडेल दाखवणारा चष्मा डोळ्यांवर बांधून दिला. आत शिरायचं म्हणून त्यांनी आधी चपला काढल्या, मग पदर सावरून रिकाम्या स्लॅबवर झोपेत चालल्यासारख्या फिरू लागल्या. मधेच हात लांबवून नसलेल्या काचेवरून बोटं फिरवायच्या. "लई बेस हाय," म्हणाल्या. मग थबकल्या. "पर मॅडम, पेशंटसंगं आलेल्यानी भाकर कुठं बसून खायाची?" मी मॉडेल फिरवून फिरवून पाहिलं. खाटा होत्या, सोबतच्या माणसांना टेकायला कुठंच जागा नव्हती. बाहेरच्या आवाराचे नकाशे दुसऱ्या दिवशी मंजुरीला जायचे होते. त्याच संध्याकाळी मी त्यांत मागच्या कडुलिंबाखाली एक लांब ओटा काढला. परवा आईच्या ऑपरेशनच्या वेळी मी त्याच ओट्यावर बसून होते. शेजारच्या अनोळखी बाईनं काही न विचारता डबा पुढं सरकवला, आणि सकाळपासूनचा पहिला घास माझ्या घशाखाली उतरला.