आईच्या झाडाखालची जागा

“वाक ना जरा. तशीच, तुझ्या आईसारखी. फोटो काढते.”

सात नंबरच्या खोलीतल्या मॅडम म्हणाल्या आणि मी वाकले.

चहाचा ट्रे आधी खाली ठेवला. कप नीट आहेत ना, ते पाहिलं. मग रिसॉर्टच्या हिरवळीवर वाकले. खाली वेचायला काहीच नव्हतं, बिस्किटाचा चुरा तेवढा पडला होता. “बोटं अशी कर ना, फुलं वेचल्यासारखी.” मी बोटं तशी केली. समोर खुर्च्यांवर वीसेक माणसं बसली होती. त्यांचे मोबाइल वर झाले. कुणीतरी म्हणालं, “किती नॅचरल.” वाकल्यावर माझ्या खिशावरची नावाची पट्टी लोंबायला लागली. मला माझंच नाव उलटं दिसत होतं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. लहान पोर नव्हते. कुणी मानेवर सुरी ठेवली नव्हती. तरी वाकले. हे मी सगळ्यात आधी लिहितेय, कारण हेच लपवावंसं वाटतं.

मोहर्लीच्या गेटपासून जवळच ते रिसॉर्ट होतं. मी तिथे खोल्या साफ करायचे, चादरी बदलायचे, गरज पडली तर चहापाणी द्यायचे. माझं गाव तिथून लांब, धानोरा तालुक्यात, जंगलात. पाहुणे यायचे ते वाघ बघायला. सकाळी जिप्सीतून जायचे, अकराला परत यायचे, वाघ दिसला तर आमच्याशी गोड बोलायचे. नाही दिसला तर चहा गार असायचा, उशी टणक असायची. म्हणजे वाघाचा राग उशीवर निघायचा.

दुपारी बारा ते तीन मला थोडी उसंत मिळायची. चादरींच्या खोलीत मी वही काढून बसायचे. चार वह्या भरल्या होत्या. शाळेतलं, होस्टेलमधलं, गावातलं, जे आठवेल ते. वाचणारं कुणी नव्हतं. माझ्यासोबत काम करणारी एक बाई होती, नागभीडकडची, मनाने चांगली. ती एकदा डोकावून म्हणाली, “कुनाले चिठ्ठी लिवून राह्यली व?” मी म्हटलं, कुणाला नाही. “मंग काऊन लिवतं?” मी पान उलटलं. तिने माझ्याकडे जरा वेळ काळजीने पाहिलं आणि ती झोपायला गेली. त्या खोलीत धुतलेल्या कापडाचा वास आणि मी, असे दिवसच्या दिवस गेले. एकटेपणाची सवय होते असं लोक म्हणतात. मला झाली नाही.

मग त्या थंडीत ते शिबिर आलं. आठवणी कशा लिहायच्या ते शिकायचं शिबिर. पाच दिवस. मोठ्या शहरांतली माणसं होती आणि शिकवायला एक सर. असं काही शिकवतात, हेच मला ठाऊक नव्हतं. मी मॅनेजर साहेबांना विचारलं, ड्युटी झाल्यावर मागे बसू का? ते हसले. “आधी बाथरूमचे आरसे पूस नीट.”

मी पाण्याच्या बाटल्या भरायच्या निमित्ताने आत जायचे. एका बाटलीला लागतो त्याच्या दुप्पट वेळ लावायचे. सर म्हणायचे, मोठं सांगू नका, छोटं सांगा. वास सांगा. लाज वाटते तिथून सुरू करा. हे वाक्य मी बाटलीचं झाकण लावता लावता पाठ केलं. सर पुढे कसे वागले ते सांगतेच, पण वाक्य खरं होतं. ज्याचं श्रेय त्याला.

बाकीचं शिकले ते कचऱ्याच्या डब्यातून. रोज सकाळी खोल्या झाडताना चुरगळलेले कागद मिळायचे. लिहिलेलं, न पटलेलं, फेकलेलं. मी ते चादरींच्या खोलीत नेऊन इस्त्रीने सपाट करायचे आणि वाचायचे. एका काकांनी लिहिलं होतं, ‘वडील गेले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.’ त्यावर काट मारून खाली लिहिलं होतं, ‘वडील गेले आणि माझं आकाश हरवलं.’ असंच बऱ्याच कागदांवर. खोडलेली ओळ बहुतेक वेळा खरी असायची, आणि तिच्या जागी आलेली ओळ नटलेली. पाच दिवसांत ही एवढीच गोष्ट शिकले. त्यांचं एकही वाक्य मात्र मी माझं म्हणून वापरलं नाही.

तिसऱ्या दिवशी सात नंबरच्या मॅडमनी मला कागद वाचताना पकडलं. मला वाटलं, आता तक्रार होणार. पण त्या पलंगावर बसल्या, मलाही बस म्हणाल्या. “तूही लिहितेस?” मी मान हलवली. आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. “मग मला काहीतरी सांग ना तुझ्या गावचं.”

मी सांगितलं. सगळं सांगितलं.

आमच्याकडे मोहफुलाच्या दिवसांत झाडाखाली कुणी आलं आणि जागेच्या कडेला उभं राहिलं, तर त्याला ओंजळभर फुलं द्यायची. नाही म्हणायचं नाही. मी तेच केलं. ओंजळ पुढे आली, मी दिलं. मॅडम टोपलीच घेऊन जातील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

सांगितलं ते असं. मी नऊ वर्षांची होते. माझा धाकटा भाऊ तापाने गेला. चैत्र होता, मोह गळायचे दिवस. दुपारी त्याला माती दिली. घर एका खोलीचं, त्यात सोयरे येऊन बसले. आई त्यांना पाणी देत होती, चूल पाहत होती, आजीला धरून बसवत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे आई टोपली घेऊन निघाली. मी मागे लागले. एक सोयरी म्हणाली, “आजच्या दिवशी बी मोह?” आईने मागे वळून पाहिलं नाही.

जंगलात आईचं एक मोहाचं झाड होतं. सरकारी कागदावर नव्हे, गावाच्या रीतीने. फुलं गळायच्या आधी जी बाई झाडाखालचा पालापाचोळा काढते, जागा झाडून स्वच्छ करते, त्या वर्षी ते झाड तिचं. झाडलेल्या जागेवर दुसऱ्या कुणाचा पाय पडत नाही. मी गावात भांडणं पुष्कळ पाहिली, पण हे मोडलेलं पाहिलं नाही.

आई त्या जागेवर गेली, वाकली, आणि फुलं वेचता वेचता रडायला लागली. मोठ्याने. मी तिला असं रडताना कधी ऐकलं नव्हतं. वाटेने तीन बाया गेल्या. थांबल्या, कडेला उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. मग निघून गेल्या. त्या निष्ठुर नव्हत्या. ती जागा आईची होती, म्हणून त्या आल्या नाहीत. सबंध गावात, सबंध जंगलात तेवढीच जागा होती जिथे तिला कुणी “उगी उगी” म्हणणार नव्हतं. ती मोहासाठी गेलीच नव्हती. रडायला गेली होती. वेचणं चाललं होतं ते हातांना सवय म्हणून.

मॅडमनी माझा हात धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आज मला माणूस भेटलं. त्या दिवशी मी दुपारी वही उघडलीच नाही. गरज वाटली नाही.

शेवटच्या दिवशी हिरवळीवर सगळ्यांचं वाचन होतं. मी चहा देत होते. मॅडम उठल्या आणि वाचू लागल्या. पहिल्याच ओळीला माझे पाय थांबले. माझं गाव, माझा भाऊ, माझी आई. आणि शेवट असा: ‘ती माउली रडली नाही. दुसऱ्याच दिवशी मोह वेचायला गेली. भुकेला दुःखाची सुट्टी नसते.’

टाळ्या. एक काका डोळे पुसत होते. सर म्हणाले, “शेवट फार जमलाय.” मॅडमनी मला पाहिलं आणि हात केला. “हीच ती, जिने मला हे दिलं. ये, ये इकडे.” मी ट्रे घेऊन गेले. मग ते, वाक ना जरा.

वाकले, आणि मला नाकाचा शेंडा जाणवला.

वाकलेल्या माणसाचे अश्रू गालावरून येत नाहीत. नाकाच्या शेंड्यावर जमतात आणि थेट खाली पडतात. त्या पहाटे आईचे तसे पडत होते, फुलांवर. मी खाली बसून पाहत होते. आता मी त्याच तऱ्हेने वाकले होते, आणि समोरच्या वीस जणांना आत्ताच सांगितलं गेलं होतं की ती रडली नाही. आणि मी, तिची पोरगी, हे चित्र पुरं करून देत होते.

मी उभी राहिले.

“माही माय रडली होती,” मी म्हटलं. पाहुण्यांशी आम्ही पुस्तकी मराठी बोलायचो, तसं शिकवलंच होतं. ती मराठी त्या वेळी तोंडात आली नाही.

मॅडम हसल्या. “हो गं, सांगितलंस ना. पण लिहिताना...”

“रडलीच होती. रडाले गेल्ती. तुमी नाई लिवलं.”

सर समजावणीच्या सुरात म्हणाले, “हे बघ बाळ, लेखनात जे वाक्य चांगलं लागतं ते ठेवतात. त्याने तुझ्या आईचं दुःख मोठंच होतं.”

“तुमच्या मायचं लिवा मंग,” मी म्हटलं. “तिले नका रडवू. माही रडली होती. ‘रडली नाई’ ते खोडा.”

एक मोबाइल अजून वर होता. मॅडमचा चेहरा लाल झाला. “किती उद्धट आहे ही,” त्या शेजारणीला म्हणाल्या, मला ऐकू जाईल असं. त्यांनी कागद छातीशी धरला. “हे मी लिहिलंय.”

मी वळले. ट्रे तिथेच गवतावर राहिला. त्या नोकरीत उष्टे कप न उचलता मी पहिल्यांदाच चालत गेले.

मॅनेजर साहेब ऑफिसात म्हणाले, “जाऊन सॉरी म्हण. एक शब्द आहे. तोंड झिजतं का?”

“नाई म्हनत.”

“मग उद्यापासून येऊ नको.”

मी नावाची पट्टी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. नागभीडची बाई फाटकापर्यंत आली. तिने माझ्या वह्यांची पिशवी धरली होती. “एवढ्याशा गोष्टीले,” ती म्हणाली आणि पिशवी माझ्या हातात दिली. चंद्रपूर, गडचिरोली, धानोरा. बसच्या खिडकीशी बसून मी सबंध वाट तो प्रसंग मनात आईला सांगत होते. तिला माझा अभिमान वाटेल अशी माझी खात्री होती.

आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. आमच्या घरात आम्ही गोंडी बोलतो. आई मराठीत बोलते ती परक्यांशी, फॉरेस्टवाल्यांशी, दुकानदाराशी. त्या दिवशी ती माझ्याशी मराठीत बोलली.

“माहं रडनं तू परक्याले काऊन सांगतलं?”

एवढंच म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

मला थोबाडीत बसली असती तर बरं वाटलं असतं. कारण ती बरोबर होती. मॅडमनी चोरलं, ते नंतर. त्याआधी मी दिलं होतं, आणि ते माझं नव्हतंच. त्या तीन बाया कडेला थांबल्या होत्या. मी थांबले नाही. ओंजळ द्यायची रीत मला आठवली, पण ती ज्याचं झाड आहे त्याने द्यायची असते, हे सोयीने विसरले. कुणीतरी पलंगावर शेजारी बसवलं, मला लिहिणारी म्हटलं, एवढ्यावर मी आईचं सगळ्यात आतलं देऊन टाकलं. इतकी उपाशी होते मी.

आई पुढे बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली, तेही मराठीत. मी वही उघडायचे आणि मिटायचे.

मग मोहाचे दिवस जवळ आले. आई खराटा घेऊन निघाली, मी मागून गेले आणि झाडापाशी कडेलाच उभी राहिले. आई झाडत राहिली. बराच वेळ. मी आत गेले नाही. पाला बाजूला झाला, जमीन उघडी पडली. मग तिने माझ्याकडे न पाहता विचारलं, “ती बाई काय म्हणाली, मी रडली नाही?”

गोंडीत विचारलं. इथे मराठीत लिहितेय.

“हो.”

“मग तू लिही. रडली म्हणून लिही. माझं नाव टाकू नको.” खराटा टेकवून म्हणाली, “आणि मला आधी वाचून दाखव.”

हे सगळं मी तिला वाचून दाखवलं आहे. एका जागी तिने थांबवलं. बाया तीन नव्हत्या, म्हणाली, चार होत्या. मला तीनच आठवतात. मी तीन ठेवल्या आणि तिने चार सांगितल्या हेही लिहिते आहे. ती हसली नाही, शाबास म्हणाली नाही. टोपली विणायला बसली.

मॅडमचं पान कुठे छापलं गेलं का, मला माहीत नाही. छापलं असेल तर तिथे माझी आई रडत नाही. ते पान मी पुसू शकत नाही. आता माझ्या हाताला दुसरं काम नाही, वाचायला आईशिवाय कुणी नाही, आणि दुपारची वेळ तशीच रिकामी आहे. तरी मी रोज लिहिते.

आईचं झाड आईचं. तिथे मी कडेला उभी राहीन, ती बोलावील तेव्हाच आत जाईन. माझं झाड वेगळं आहे. त्याच्याखाली बिस्किटाचा चुरा पडलेली हिरवळ आहे, उलटी लोंबणारी नावाची पट्टी आहे, आणि “बोटं अशी कर” म्हटल्यावर तशी केलेली बोटं आहेत. ती जागा मी झाडणार. पाचवी वही मी तिथूनच सुरू केली. पहिली ओळ लिहिली, मी वाकले. दुसरी लिहिली, मी उभी राहिले. पहिली वाचून कुणी म्हणेल, ही काढ, ही बरी दिसत नाही. कुणी दुसरी काढ म्हणेल. दोन्ही ओळी माझ्या आहेत. एकही खोडू देणार नाही.