पाळण्याची शेवटची ओळ

मी घर सोडलं ते दळणाचा डबा घेऊन. आई मागून ओरडली, "बारीक दळायला सांग गं, मागच्या खेपेला जाड आलं होतं." मी हो म्हटलं, डबा चक्कीवर ठेवला आणि बऱ्हाणपूरच्या बसमध्ये मयूरशेजारी जाऊन बसले. मागं बघितलंच नाही, बघितलं असतं तर उतरले असते. तुमच्यातली कोणी अशी निघाली असेल तिला कळेल.

मयूर आमच्यातला नव्हता, एवढं पुरे. आता दोन वर्षं झाली, उज्जैनला नानाखेड्यात एका खोलीत राहतो. तिकडे माझे वडील, अण्णा, सगळ्यांना सांगतात, आम्हाला मुलगीच नाही. भाऊ म्हणाला होता, दिसली तर तंगडं तोडीन. आईकडे स्वतःचा फोन नाही. माझी पोरगी पाच महिन्यांची झाली, आईला माहीतच नाही. पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना, मी इथं शेजारच्या भाभीचा हात धरून ओरडले.

मयूर बँडमध्ये जेंबे वाजवतो, म्हणजे आफ्रिकेचा ढोल. दुसरा एक अरबी ऊद वाजवतो, सतारीसारखंच काहीतरी, आणि निखिलदादा गातो. नवीन अल्बम करून राहिले आहेत. मी पोरीला झोपवताना आईचा पाळणा म्हणत होते, तर निखिलदादा एकदम, "वहिनी, बस, हेच पाहिजे!" बसवलं मला माइकसमोर, पोरगी मांडीवर. आई प्रत्येक बारशाला शेवटची ओळ जोडायची, त्यात बाळाच्या आजीचं नाव. मी आईचंच घातलं, सुमनची नात गं, निजली माझ्या कुशीत गं. तिकडे भावजय दिवसभर मोबाईलवर गाणी लावते, आई तिथंच भाजी निवडते. एकदा तरी कानावर पडेल.

परवा गाणं ऐकवलं, तर ती ओळच नाही! नुसता ढोल. निखिलदादा म्हणाला, "लांब होत होतं, वहिनी." पण मयूर खाली बघत होता. मग बोलला, "मीच काप म्हटलं. तुझा भाऊ पण ऐकेल ना. पोरीला घेऊन कुठं पळशील?"

त्याचं खरं होतं. जिन्यावर कोणी चढलं की मी आजही आधी पोरीला उचलते. तरी म्हटलं, "ऐकू दे. लाव परत." मयूर चिडला, जेवलाच नाही. निखिलदादानं ओळ लावली.

शुक्रवारी गाणं बाहेर जाणार. घर कुठलं विचारलं की मी नानाखेडा सांगते, आतून कडी लावता येते तेवढंच माझं घर. भीती वाटते, खूप वाटते. पण आईला नात झाली आणि तिला कोणी सांगितलंच नाही, असं कसं चालेल?