अनुस्वारबाईंच्या नावाने

अनुस्वारबाईंना खरं नाव होतं, पण ते कागदोपत्रीच उरलं होतं. तीस वर्षं लोकांची हस्तलिखितं टाइप करून देणारी बाई; तिच्या हातून एक अनुस्वार सुटेल तर शपथ! नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "लग्नाआधी मी हिला पत्र लिहिलं, तर बाईसाहेबांनी ते शुद्ध करून परत पाठवलं." काम झालं की बाई फाइल मेलने पाठवायच्या आणि सोबत एकच ओळ लिहायच्या: "एकदा डोळ्यांखालून घालावे, ही विनंती." ती ओळ आली की माणूस निर्धास्त व्हायचा. बाईंच्या हातून काही चुकणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि अशा बाईने काय करावं!

झालं असं, की एका निवृत्त मास्तरांनी पुस्तक लिहायला घेतलं होतं. नऊ वर्षं चाललं होतं लिखाण. आपण ज्यांना नापास केलं, त्या मुलांच्या हकिगती. "त्यातले निम्मे माझ्या चुकीने नापास झाले, बाई," असं म्हणायचे, आणि मग बराच वेळ चष्माच पुसत बसायचे. वय ब्याऐंशी. पुस्तक हातात घेऊन एकेकाच्या दारी जायचं, एवढी एकच इच्छा उरली होती. पहिला अर्धा भाग त्यांनी बाईंकडे पाठवला. उरलेला त्यांच्याच कॉम्प्युटरवर होता, दुसरीकडे कुठेही नाही.

आता गंमत बघा. मास्तरांनी सगळं टाइप केलेलं जुन्या फॉन्टमध्ये. बाईंच्या नव्या कॉम्प्युटरवर उघडलं तर 'मुलगा'च्या जागी दोन चौकोन आणि एक स्वल्पविराम! जुना फॉन्ट नव्यात बदलून देणारा प्रोग्राम, म्हणजे कन्व्हर्टर, बाईंकडे होता. पण जोडाक्षर आलं की तो अडखळायचा. म्हणून त्यांनी इंटरनेटवरून दुसरा उतरवला. फुकटचा.

तो चालू करताच पडद्यावर लाल चौकट आली: धोका आहे, उघडू नका. बाईंनी काय केलं असेल? अँटिव्हायरसच बंद केला! टायपिंगच्या धंद्यातली ही जुनी खोड. फॉन्टचा कुठलाही प्रोग्राम टाकला की तो अँटिव्हायरस 'लांडगा आला रे आला' करून ओरडतो, आणि लांडगा कधीच नसतो. सगळे तेच करतात. कन्व्हर्टर मात्र झकास चालला. जोडाक्षरं अशी स्वच्छ-सुबक आली, की बाई खूश होऊन नवऱ्याला दाखवायला गेल्या.

चौथ्या दिवशी सकाळी नणंदेचा फोन. "वहिनी, कसली गं फाइल पाठवलीस? उघडली तर काहीच नाही त्यात."

"मी? मी कुठे काय पाठवलं?"

"अगं, तुझीच ओळ आहे ना! डोळ्यांखालून घालावे, ही विनंती."

बाईंच्या हातातला कप तसाच राहिला. तेवढ्यात छापखानेवाल्याचा फोन, मग शाळेच्या कार्यालयातून, मग एका वकिलाचा. दुपारपर्यंत अकरा. प्रत्येकाला त्याच्या जुन्याच मेलवर उत्तर गेलेलं, बाईंच्या नावाने, बाईंच्या ओळीसकट. "अहो, माझा अनुस्वारसुद्धा जागच्या जागी आहे हो त्यात!" असं त्या नवऱ्याला पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या.

दुरुस्तीवाला आला आणि आल्या आल्या त्याने इंटरनेटची वायर उपटली. "ताई, याला ट्रोजन म्हणतात. हा भिंत फोडून घुसत नाही. कामाचा माणूस असल्याचं सोंग घेऊन येतो आणि दार आपणच त्याला उघडून देतो. कन्व्हर्टर खरा होता, पण त्याच्या पोटात हा बसलेला. चार दिवस तुमच्या मेल वाचल्या, मग तुमच्यासारखंच लिहायला लागला."

"म्हणजे माझ्या घरात बसून मीच झाला?"

"तसंच. आता या मशीनवर एकही पासवर्ड टाकू नका, तो वाचेल. साहेबांच्या फोनवरून सगळे बदला. फाइली तपासून वेगळ्या काढतो, आणि बाकी डिस्क पुसून सगळं नव्याने टाकतो. नुसता कन्व्हर्टर काढून भागणार नाही, याने आणखी कुठे कुठे बिळं केली असतील कोण जाणे."

बाईंनी अकराही जणांना फोन करून, फाइल उघडू नका, उघडली असेल तर मशीन बंद ठेवा, म्हणून सांगितलं. बारावा फोन मास्तरांना. तो कोणी उचलेना. पुन्हा लावला, तरी नाही. दुरुस्तीवाल्याला घेऊन त्या चपला घालायचंही भान न ठेवता निघाल्या.

मास्तर बागेत होते. "तुमची फाइल उघडली की सकाळीच! मशीन फार ओरडत होतं, लाल लाल. म्हटलं, त्या यंत्राला काय कळतंय? वर तुमचं नाव आहे! दिलं त्याचं ओरडणं बंद करून."

बाईंनी दुरुस्तीवाल्याला तडक आत पिटाळलं. हात दाखवून अवलक्षण आपण केलं होतं, आणि भोगायचं या म्हाताऱ्याने!

दुरुस्तीवाला दोन तास त्या जुन्या मशीनशी झटत होता. स्वच्छ पेनड्राइव्हवरून त्याने मशीन सुरू केलं आणि एकेक फाइल तपासली. बाई दारात उभ्या होत्या, आत बघवत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "सगळी पानं आहेत. अजून त्यांना हात लागला नव्हता. उद्यापर्यंत राहिलं असतं तर सांगता आलं नसतं." बाई पदरात तोंड लपवून घळाघळा रडल्या.

मास्तरांना मात्र काही कळेना. ते बाईंच्या पाठीवर थोपटत म्हणाले, "अहो, सापडलं ना सगळं? मग झालं तर. तुमच्याकडचा पहिला भाग तेवढा लवकर पाठवा. तुमची मेल आली की लगेच उघडतो."

बाईंनी डोळे पुसले. तीस वर्षांत जे तोंडातून कधी निघालं नव्हतं, ते त्यांना आता म्हणावं लागलं.

"नको, मास्तर. माझं नाव दिसलं तर उघडू नका. आधी मला फोन करा."