पुस्तकात नसलेलं तिकीट

निजामाच्या राज्यात माझे यजमान हैदराबादला कारकून होते. मी गेवराईत राहून त्यांच्या पत्रांवरची पोस्टाची तिकिटं जमवायची. एकदा नेहमीचंच तिकीट वेगळ्या, फिकट निळ्या रंगात आलं. वकील दिरांकडे तिकिटांची यादी छापलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. ते चाळून म्हणाले, “वहिनी, असं तिकीट ह्यात न्हाई. खोटं हाय, फेकून द्या.”

“भावजी, पत्र डाकवाल्यानं माझ्या हातात दिलंय. पुस्तक लिहिणारा गेवराईला कधी आलता?”

ते हसले. मला लई राग आला. त्याच दुपारी वही शिवून मी माझी मराठी यादी सुरू केली. पहिली नोंद त्या निळ्या तिकिटाची.

“ही यादी मानणार कोण?” दिरांनी विचारलं.

“मी मानते,” म्हटलं, आणि दुसरी नोंद लिहायला घेतली.