विमान सव्वा तासाचं, तरी आधी मीच!

पोंभुर्ण्याहून आम्ही दोघी विहिणी एकाच पहाटे हैदराबादला निघालो, पण उलट्या दिशांना. विहीणबाई जीपने नागपूरच्या विमानतळाकडे, मी एसटीने बल्लारशा स्टेशनकडे.

माझ्या लेकीला मुलगी झाली होती. दुपारी बाळ दवाखान्यातून घरी येणार होतं. बाळ पहिल्यांदा उंबरा ओलांडताना आजी भाकरतुकडा ओवाळून टाकते. कोणती आजी, यावर आमची चांगलीच जुंपली. शेवटी ठरलं, जी आधी पोचेल ती.

जावई माझंही तिकीट काढत होते. मीच नको म्हटलं. नागपूर ते हैदराबाद हवेतून सव्वा तास, कबूल. पण त्यासाठी चार तास उत्तरेला जायचं, तिथे रांगा लावायच्या आणि मग आपल्याच जिल्ह्यावरून उडत दक्षिणेला यायचं. असला द्राविडी प्राणायाम सांगितलाय कोणी?

"सव्वा घंट्याचा तर रस्ता आहे वो बाई!" विहीणबाई जीपमधून ओरडल्या. "चहा मांडून ठेवीन तुमच्यासाठी!"

"पहिले पोचा तर खरं!" मी म्हटलं.

बल्लारशाला रेल्वेत खिडकी मिळाली. वर्धा नदीचा पूल गेला, मग सागाचं जंगल, आणि बघता बघता पाट्यांवर तेलुगू अक्षरं आली. मी डबा उघडला. सांबारवडी (कोथिंबीर भरून तळलेली वडी) शेजारच्या तेलुगू बाईंना दिली. त्यांनी बदल्यात आंब्याचं असं लोणचं वाढलं की डोळ्यांतून पाणी! तरी मी दोनदा मागून घेतलं.

काझीपेटच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. तेवढ्यात फोन वाजला.

"मी विमानात बसून राह्यली," विहीणबाई म्हणाल्या. "तुम्ही कुठी?"

"येऊन राह्यली," एवढंच बोलले. गेलं आता सगळं, असं वाटून रडूच यायचं बाकी होतं.

"एंत दूरम (किती लांब)?" मी बाईंना विचारलं.

"दग्गरे (जवळच)," त्या हसून म्हणाल्या.

गाडी हलली. सिकंदराबादला उतरून मी रिक्षावाल्याच्या मागे अशी लागले की बिचाऱ्याने कुठे ब्रेकच लावला नाही. दारात पोचले तर आत विहीणबाई नव्हत्या! भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहते, तोच बाळाची गाडी फाटकात शिरली. आणि पुन्हा फोन.

"विमानतळाहून निघाली, पण इथी लय गर्दी आहे. अर्धा घंटा थांबता का, बाई?"

"नाई थांबत!" मी म्हटलं, आणि नातीवरून भाकरतुकडा ओवाळून लांब भिरकावला. काय सांगू, गड जिंकल्यासारखं वाटलं!

विहीणबाई आल्या तेव्हा सकाळपासून उपाशी होत्या. मी चहा केला, उरलेल्या वड्या पुढे ठेवल्या. त्यांनी वड्या सगळ्या संपवल्या.

पंधरवड्याने परतलो ते दोघी एकाच गाडीने. नकाशातलं अंतर सगळ्यांना सारखंच असतं. आपलं अंतर आपल्या दारापासून मोजावं, एवढं मला कळलं. विहीणबाईंना काय कळलं, ते त्यांनी बल्लारशा आल्यावर सांगितलं.

"दुसऱ्या नातवाच्या वेळेस," पिशवी उचलत त्या म्हणाल्या, "मी आदल्या दिवशीच्याच गाडीनं जाईन. अन् तुमाले सांगणार नाई."