किनारा नसलेली चित्रं

संग्रहालयाच्या दुकानात शुभेच्छापत्रं मांडली होती. प्रत्येकावर जुन्या आरमारी लढाईचं चित्र होतं. फुगलेली शिडं, तोफांचा धूर, परक्या जहाजाला भिडलेली गलबतं. मी एकेक चाळत होते. शेजारी साठीच्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी विक्रेत्या मुलीला विचारलं, "यात किनारा दिसणारं एखादं नाही का गं?"

"काकू, लढाई भर समुद्रात झाली ना!"

"हो, पण माझा मुलगा मालवाहू जहाजावर असतो. त्याच्या वाढदिवसाला द्यायचंय. त्याला किनारा दिसायला हवा."

मुलीनं सगळी कार्डं पाहिली. किनारा कुठंच नव्हता. चित्रकारांना जहाजावरची माणसं दिसली होती, पण त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली कुणालाच दिसली नव्हती. प्रत्येक लढाईच्या वेळी कुठल्या तरी वाळूत बायका उभ्या असणारच. धूर विरल्यावर त्यांनी परतणारी शिडं मोजली असतील, पुन्हा मोजली असतील. माझा नवराही बोटीवर असतो. त्या बायका मला अगदी जवळच्या वाटल्या.

बाईंनी अखेर एक कार्ड घेतलं. आतल्या कोऱ्या पानावर पेनानं आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर एक ठिपका दिला.

"ही मी," त्या मला म्हणाल्या. मग जरा मागे एक माड काढला आणि त्याच्या आडोशाला दुसरा ठिपका दिला. "आणि ही सून. तो बोटीवर असला की तिला अजून समुद्राकडे बघवत नाही."